'ठाना चावेति' : धर्मापुरीचे दगड आणि शासनाचे रक्षण

विनयपिटकात दुसऱ्या पाराजिकेची जी निदानकथा आली आहे, ती एका भिक्खूची आणि सरकारी लाकडांची आहे. धनिय नावाच्या कुंभारपुत्र भिक्खूस राजगृहाजवळ कुटी बांधावयाची होती. मगधराज बिंबिसाराच्या कोठारात नगराच्या डागडुजीसाठी आणि आपत्काळासाठी राखून ठेवलेले लाकूड होते. धनिय तेथील गणकाकडे, म्हणजे मोजदाद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेला आणि राजाने हे लाकूड आपणास दिले आहे, असे त्याने सांगितले. भिक्खूचा शब्द प्रमाण मानून गणकाने लाकूड नेऊ दिले. धनियाने त्याचे तुकडे करविले आणि ते गाड्यांत भरून नेले. पुढे मगधाचा महामात्य वस्सकार पाहणीस आला. आपत्काळासाठी ठेवलेले लाकूड जागेवर नाही, हे त्याच्या ध्यानी आले आणि त्याने प्रथम बांधून नेले ते गणकाला. (धाकट्या कारकुनाला आधी बांधण्याची ही रीत अडीच हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.) राजापुढे धनियाने युक्तिवाद केला की, राज्याभिषेकाच्या वेळी श्रमण-ब्राह्मणांस गवत, लाकूड आणि पाणी मोकळे असल्याची घोषणा आपणच केली होती. बिंबिसाराने उत्तर दिले की, ती घोषणा अरण्यातल्या, कोणाच्याही ताब्यात नसलेल्या वस्तूंसाठी होती. राजाने त्यास सोडून दिले. परंतु तथागतांनी शिक्षापद घालून दिले.

या शिक्षापदाचे विभंगातील विवरण आपल्याकडे फार थोडे वाचले जाते. दुसरे शील आपण नित्य म्हणतो, पण 'अदिन्नादान' म्हणजे नेमके काय, ते कोणत्या क्षणी घडते, याची चिकित्सा तेथे कायदेपंडिताच्या काटेकोरपणाने केलेली आढळते. वस्तू जमिनीत पुरलेली असो, जमिनीवर असो, पाण्यात असो, नावेत असो, विहारात असो किंवा अरण्यात असो, प्रत्येक स्थानाचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. पुरलेल्या ठेव्याच्या बाबतीत तर चोरीच्या मनाने साथीदार शोधणे, कुदळ आणि टोपली शोधणे, येथपासूनच दुक्कटाची आपत्ती सुरू होते. वस्तूस हात लावला की दुक्कट, ती जागच्या जागी हलविली की थुल्लच्चय, आणि 'ठाना चावेति', म्हणजे ती तिच्या ठिकाणावरून ढळविली की पाराजिक. तेथे अपराध पूर्ण होतो. ती वस्तू नंतर कोठे नेली, कोणास विकली, कोणती सीमा ओलांडली, याची वाट विनय पाहत नाही.

हे सर्व येथे मांडण्याचे कारण असे की, सांस्कृतिक संपत्तीचे रक्षण करणारे आजचे कायदे बहुतेक वेळा वस्तू सीमेवर किंवा लिलावगृहात पोहोचल्यावर जागे होतात. वस्तू जागेवरून ढळली तो क्षण त्यांच्या नजरेतून निसटतो. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीस गेल्यावर हा विचार मनात पक्का झाला.

धर्मापुरी हे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात वैभवास आलेले स्थळ. तेथील केदारेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवरील सुरसुंदरी शिल्पे मराठवाड्याच्या शिल्पकलेचे उत्तम नमुने होत. जवळच किल्ला आहे. या किल्ल्याच्या तटबंदीकडे लक्षपूर्वक पाहिले असता साध्या घडीव दगडांच्या मध्येच एखादा कोरीव थर, एखादा स्तंभखंड, एखादी मूर्ती दिसू लागते. कोठल्यातरी देवालयाचे हे अवयव तटाच्या कामी लागले. चालुक्यांनंतर यादव, बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा राजवटी या मुलखावरून गेल्या, आणि प्रत्येक सत्तांतरात दगडाला नवा धनी मिळाला. तटातील हे दगड स्वस्थानावरून केव्हाच ढळलेले आहेत. पण ते गावातच आहेत, हे त्यांचे भाग्य. तटाबाहेर, वस्तीत आणि शेतांच्या कडेला जे सुटे दगड पडलेले असतात, त्यांच्याविषयी असे खात्रीने म्हणता येत नाही. दोन माणसे आणि एक टेम्पो एवढे त्यांना पुरेसे असते.

येथे वाचकांच्या मनात दोन शंका येतील. गावाच्या नावात 'धर्म' आहे, तेव्हा हे मुळातले बौद्ध स्थळ असावे काय, ही पहिली. केवळ नावावरून असे अनुमान काढणे हे आपल्या संशोधनास शोभणारे नाही. मराठवाड्यात बौद्ध अवशेषांची वाण नाही. अजिंठा, वेरूळ, पितळखोरे आणि तेर ही नावे पुरेशी आहेत. नावाच्या आधारावर दावे करण्याची सवय आपल्याला इतरांनी लावली. ती आपण मोडली पाहिजे. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. केदारेश्वर हे शैव मंदिर. ज्या व्यवस्थेने आमच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीशी उभे राहू दिले नाही, तिच्या दगडांची काळजी आम्ही का वाहावी? हा प्रश्न मला एका व्याख्यानानंतर एका वृद्ध उपासकांनी विचारला होता आणि त्यात राग होता. तो राग खोटा नव्हता. मी त्यांना इतकेच म्हणालो, "बाबा, बामियानच्या मूर्ती फोडल्या तेव्हा आपण जगाला काय सांगितले?" मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या प्रचंड बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडविल्या, तेव्हा अफगाणिस्तानात बौद्ध समाज शतकानुशतके उरला नव्हता. तरीही त्या मूर्ती साऱ्या मानवजातीच्या आहेत, असे आपण म्हणालो. धर्मापुरीच्या सुरसुंदरीस हाच न्याय लावावयास नको काय?

आणि आपल्यापाशी याहून जवळचे प्रमाण आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने ज्या संविधानाचा मसुदा घडविला, त्याच्या अनुच्छेद ४९ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके, स्थाने व वस्तू यांचे रक्षण करणे ही राज्याची जबाबदारी सांगितली आहे. कशापासून रक्षण? लूट, विद्रूपीकरण, नाश, स्थानावरून हलविणे, विल्हेवाट लावणे आणि निर्यात यांपासून. हा क्रम विनयाच्या अभ्यासकास थांबविणारा आहे. निर्यात सर्वांत शेवटी आहे. त्याआधी विल्हेवाट, आणि तिच्याही आधी स्थानावरून हलविणे. 'ठाना चावेति' हे तत्त्व संविधानात जणू स्वतंत्रपणे अवतरले आहे. मात्र ही जबाबदारी संसदेने केलेल्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित झालेल्या गोष्टींपुरती आहे. शेताच्या बांधावर पडलेला धर्मापुरीचा सुटा दगड कोणी घोषित केला?

युद्ध आणि लूट यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली, तेव्हा कंपनीच्या सैन्याच्या हाती जी संपत्ती आली, तिला लूट असे नाव नव्हते. 'दख्खनची प्राइझ मनी' या नावाने तिची वाटणी ठरली आणि तिच्या हिश्श्यांवरून इंग्लंडमध्ये अनेक वर्षे वाद चालला. वाद कशाविषयी होता? वाटा कोणाला किती, याविषयी. मूळ वस्तू कोणाची, हा प्रश्नच त्या वादात उपस्थित झाला नाही. युद्धातील विजेत्याने जिंकलेले ते त्याचे, हा तेव्हाचा कायदा होता. पुढल्याच वर्षी, १८१९ मध्ये, मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या लेण्यांत शिरला. सैन्य आले, मुलूख शांत झाला, आणि त्यामागोमाग जिज्ञासू आले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीशी संबंधित डॉ. जेम्स बर्ड यांनी संग्रहालयासाठी म्हणून चित्रांचे भाग भिंतीवरून सोडविण्याचा प्रयत्न केला. ती रंगलेली गिलाव्याची पुटे चुरा झाली. अजिंठ्याच्या चित्राचा एक तुकडा आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, धर्मापुरीही त्याच राज्यात. १९१४ साली हैदराबाद संस्थानाने गुलाम याझदानी यांच्या हाती पुरातत्त्व खाते सोपविले आणि १९२०-२२ च्या सुमारास इटलीहून जाणकार आणवून अजिंठ्याची चित्रे सांभाळण्याचे काम करविले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदाही १९६० चाच.

दुसऱ्या महायुद्धातील लुटीनंतर जगाला जाग आली. १९५४ साली हेग येथे सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक संपत्तीचे रक्षण करण्याविषयीचा करार झाला. भारताने १९५८ मध्ये तो मान्य केला. या कराराचा एक विशेष असा की, युद्धकाळातील रक्षणाची तयारी शांततेच्या काळातच करावी, असे तो बजावतो. त्यानंतर अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार आला. भारत त्यात १९७७ मध्ये सामील झाला. देशात १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम झाला आणि १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित यांची खाजगी निर्यात त्याने बंद केली. निर्यातीच्या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणी न करणाऱ्यास त्याहून हलकी शिक्षा. या तफावतीतच कायद्याचा कल दिसून येतो. बंदरावर सापडलेला मोठा गुन्हेगार. गावातल्या गावात नोंद न करता मूर्ती घरी ठेवणारा किरकोळ. आणि नोंदणी मालकाने करावयाची आहे. ज्या दगडाला मालकच नाही, त्याची नोंद कोण करणार?

नोंदीचे मोल काय, हे काबूलने दाखविले. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे फ्रेंच संशोधकांना १९३७ ते १९४० च्या उत्खननांत हस्तिदंतावरील अप्रतिम कोरीव काम सापडले. ते कुषाणकालाच्या आसपासचे असून त्याची घडण भारतीय आहे. येथे मराठवाड्याच्या वाचकाने थोडे थांबावे. १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे राखेखाली गाडलेल्या घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेर व भोकरदन येथे आढळल्या. तेर, भोकरदन, बेग्राम आणि पॉम्पेई ही चार नावे एका व्यापारी आणि कलाविषयक जाळ्याने जोडलेली आहेत. त्या काळी याच मार्गांवरून आपला धम्म उत्तरेकडे गेला. धर्मापुरीहून तेर फार दूर नाही.

१९९३ मध्ये काबूलच्या संग्रहालयावर रॉकेट पडले, आग लागली आणि यादवीच्या त्या वर्षांत त्यातील बहुतांश संग्रह लुटला गेला. बेग्रामचे हस्तिदंतही गेले. परंतु उत्खननाचे अहवाल १९३९ मध्ये आणि पुढे १९५४ मध्ये छायाचित्रांसह प्रसिद्ध झालेले होते. त्यामुळे वर्षांनंतर लंडनच्या बाजारात जे तुकडे आले, ते ओळखता आले. एका दात्याने ते विकत घेतले, २०११ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ते प्रदर्शित केले आणि २०१२ मध्ये ते काबूलला परत गेले. त्याच संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास बॅक्ट्रियाचे सुवर्ण गुपचूप मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत हलविले होते. तालिबान गेल्यानंतर ते शाबूत मिळाले. येथेही वस्तू स्थानावरून ढळविली गेली, पण थेय्यचित्त नव्हते. विनयातील भेद येथे किती अचूक लागू पडतो!

आपल्या देशातले उदाहरण नालंदेचे. १९६१ मध्ये नालंदेच्या संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीस गेल्या. त्यांतील बाराव्या शतकातील एक कांस्य बुद्धमूर्ती २०१८ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिक्टच्या कलाजत्रेत विक्रीस आली. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहणाऱ्या जाणकारांनी ती ओळखली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी लंडन पोलिसांनी ती भारताकडे सोपविली. सत्तावन्न वर्षांनंतर बुद्ध घरी आले, ते एका छायाचित्रामुळे.

आता महाराष्ट्र शासनाच्या अलीकडच्या प्रयत्नांकडे वळू. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे तीन वर्षांसाठी उसनी आणून साताऱ्यात मांडण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये रघुजी भोसले पहिले यांची तलवार लंडनच्या सोदबी लिलावात शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांस घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. नागपूरकर भोसल्यांचा १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत पराभव झाला, त्या धामधुमीत ती गेली असावी, असे मानले जाते. या खरेदीस मी विरोध करीत नाही. १९७० चा करार मागील काळास लागू होत नाही, आणि १८१७ ची युद्धलूट त्या काळच्या कायद्याने लूट ठरत नव्हती. तेव्हा लिलावात बोली लावणे हाच मार्ग शासनापुढे उरला. तथापि बोली लावणे म्हणजे विकणाऱ्याचा हक्क मान्य करणे होय, याचे भान स्वागताच्या मिरवणुकीत राहिलेले दिसले नाही. तलवारीला राजाचे नाव असते, म्हणून ती लिलावात ओळखता येते. धर्मापुरीच्या दगडावर कोणाचे नाव आहे?

पिप्रहवाच्या रत्नांची कथा यासोबतच वाचली पाहिजे. १८९८ मध्ये विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे या जमीनदाराने आपल्या जमिनीतील स्तूप खोदला, तेव्हा अस्थिकलश आणि त्यासोबत अर्पिलेली रत्ने मिळाली. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, रत्नांचा मोठा भाग सरकारी संग्रहालयात गेला आणि काही भाग पेप्पे यांच्याकडे राहू देण्यात आला. तोच भाग मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे लिलावास निघाला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये गोदरेज समूहाच्या खरेदीमुळे ती रत्ने भारतात आली. नोटिसीने लिलाव थांबला, हे सरकारचे खरे यश. पण धातूंसोबत श्रद्धेने ठेवलेली वस्तू अखेर किंमत देऊनच परत आली, हे विसरता येत नाही. महापरिनिब्बानसुत्तात धातूंसाठी राजे युद्धास सिद्ध झाले असता द्रोण ब्राह्मणाने त्यांचे आठ समान भाग करून रक्तपात टाळला. त्या वाटपात कोणी मूल्य मागितले नव्हते; स्वतः द्रोणाने मागून घेतला तो केवळ मोजण्याचा कुंभ.

केंद्र सरकारने २६ जुलै २०२४ रोजी अमेरिकेशी सांस्कृतिक संपत्तीविषयीचा करार केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथून २९७ पुरावस्तू परत देण्यात आल्या. ही कामगिरी मोठी आहे. पण हेग कराराला १९९९ साली जो दुसरा उपसंधी जोडला गेला, त्याकडे कोणी पाहत नाही. शांततेच्या काळात करावयाच्या तयारीत वस्तूंच्या याद्या करणे हे कर्तव्य त्या उपसंधीने स्पष्ट शब्दांत सांगितले. भारत त्यात सामील नाही. देशांतर्गत स्थितीही तशीच आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने केंद्रीय संरक्षित ३,६७८ स्मारकांपैकी १,६५५ स्मारके प्रत्यक्ष पाहिली. त्यांतील ९२ जागेवर आढळली नाहीत. स्मारकच हरवते, तेथे सुट्या मूर्तीची काय कथा? आपल्या ताब्यात एकूण किती पुरावस्तू आहेत, याची विश्वासार्ह यादी पुरातत्त्व खात्याकडे नव्हती, असेही त्या अहवालाने दाखविले. वस्सकार पाहणीस आला तेव्हा निदान त्याला ठाऊक होते की, येथे लाकूड होते.

अन्यांवर टीका करीत असता एक गोष्ट स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे. पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात आम्ही काही विद्यार्थी तेरला गेलो होतो. पांढरीच्या ढिगावर पावसाने उघडी पडलेली मातीच्या मूर्तीची एक छोटी मान मला दिसली. ती मी खिशात घातली. चोरी करतो आहे, असे मनातही आले नाही. उलट आपण ती वाचवीत आहोत, असे वाटले. ती माझ्या टेबलावर कित्येक वर्षे होती. विनय शिकवू लागल्यावर एके दिवशी वर्गात 'ठाना चावेति'चा अर्थ सांगता सांगता माझी जीभ अडखळली. पुढे मी ती एका संग्रहालयात नेऊन दिली. तेथील बाईंनी नम्रपणे विचारले, "कोणत्या ठिकाणी, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळाली, सर?" मला काहीच सांगता येईना. त्यांनी ती घेतली, पण नोंदवहीत स्थळाच्या रकान्यात 'तेर परिसर' एवढेच लिहिले गेले. त्या मातीच्या मानेचा सारा इतिहास मी माझ्या खिशात संपविला होता. त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर असे अवशेष जमविले, गावातच राखले, आणि आज शासनाचे संग्रहालय त्यांच्या नावाने तेथे उभे आहे. वस्तू दोघांनीही उचलल्या. पण त्यांच्या वस्तू तेरमध्येच राहिल्या.

धर्मापुरीहून निघताना मी किल्ल्याच्या तटातील दिसतील तेवढ्या कोरीव दगडांची छायाचित्रे घेतली आणि प्रत्येकाखाली तटाची बाजू, जमिनीपासूनची उंची आणि शेजारचा दगड यांची नोंद केली. सोबतच्या विद्यार्थ्याने केदारेश्वराच्या परिसरातील आणि वस्तीतील सुट्या शिल्पांची वेगळी वही केली. गावातील दोन तरुणांनी, त्यांपैकी एक आपल्या विहाराचा, काही दगड दाखविले, जे मला एकट्याला दिसले नसते. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवली आहे, एक त्या विहारात. त्या वहीत अद्याप बरीच पाने कोरी आहेत.